सहा ओळींचं उत्तर

"आई, तुमच्याकडे जुने अंक असतील ना?" सूनबाईनं विचारलं, आणि टाचणी सरळ खोटं बोलली.

"कुठले असायला? कधीच रद्दीत गेले."

खोटं बोलताना तिनं वर बघायचं टाळलं. वर, कपाटाच्या डोक्यावर, खाकी कागदात बांधलेले बारा गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठा एका वर्षाचा, जाड दोऱ्यानं शिवलेला. सासूबाईंनी स्वतः शिवलेला. सासूबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली. या घरात आल्यापासून त्या गठ्ठ्यांवरची धूळसुद्धा टाचणीनं लांब काठीच्या फडक्यानंच झटकली होती. त्यातल्या एका अंकाला हात लावायची तिची छाती नव्हती.

टाचणी हे तिला छापखान्यात पडलेलं नाव. एकाहत्तर वर्षांची झाली तरी जुने लोक भेटले की त्याच नावानं हाक मारतात. एका बायकांच्या मासिकात तिनं चौतीस वर्षं प्रुफं तपासली. चूक दिसली की टोचायची, मग ती कंपोझिटरची असो नाहीतर संपादकबाईंची. आता त्याच मासिकात तिची सून उपसंपादक होती. मासिक बरंचसं फोनमध्ये शिरलं होतं, कागदावर वर्षातून चारच अंक निघायचे. त्यातला येता अंक साठाव्या वर्षाचा आणि त्याचा विषय: बाईचं शरीर, बाईची इच्छा, सगळ्या वयांत. कचेरीतली जुनी फाइल वाळवीनं आधीच वाचून संपवली होती, म्हणून सूनबाई घरी शोधाशोध करत होती.

"मुखपृष्ठ तरी बघा," सूनबाईनं फोनचा पडदा पुढे केला. वाळूवर हसत उभी असलेली रुपेरी केसांची बाई.

टाचणीनं चष्मा चढवला. "केस सत्तरीचे आणि मान तिशीची. केस विकतचे दिसतायत."

"आई, निदान म्हातारी बाई मुखपृष्ठावर आली, हे तरी बघाल की नाही?"

"आली कुठं? तिला वाटेत अडवून तरुण केली, मग आणली. आणि हे काय आहे?"

ते वाचकांनी भरायचं पत्रक होतं. प्रश्न लिहा, नाव नको, फक्त वयोगट निवडा. अठरा ते पंचवीस, सव्वीस ते पस्तीस, छत्तीस ते पंचेचाळीस. शेवटचा चौकोन: पंचेचाळीसच्या पुढे.

"पुढे म्हणजे कुठवर?" टाचणीनं विचारलं. "शेहेचाळीसची आणि शहाऐंशीची, दोघी एकाच पोत्यात?"

सूनबाईनं तो चौकोन पुन्हा वाचला. मग म्हणाली, "तुमच्या वेळी काय होतं, ते लिहा ना. तीनशे शब्द. ते फक्त उत्तरं छापायचं पान होतं म्हणे." आणि ती चहा टाकायला आत गेली. टाचणी मात्र एका क्षणात शेहेचाळीस वर्षं मागे जाऊन बसली.

काय दिवस होते. कचेरी पहिल्या मजल्यावर, छापखाना तळाशी. यंत्र सुरू झालं की वरच्या टेबलावरचे पेन आपोआप सरकायचे. शाईचा आणि रॉकेलचा वास केसांत बसायचा, तो रविवारी न्हाल्यावरही पुरता जायचा नाही. टाचणीला तो वास आवडायचा. पंचविशीची होती, लग्नाला दोन वर्षं झाली होती, पगाराची नोकरी होती, आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवून 'हे चूक आहे' म्हणायचा हक्क होता. घरातल्या कुठल्याच बाईला तोवर तो मिळालेला नव्हता. ते दिवस आठवले की तिला आजही उगाच सुखी वाटतं.

अंकात बाईच्या आयुष्याचे ठरलेले मुक्काम असायचे. मुखपृष्ठावर फूल हातात घेतलेली मुलगी. आत नवऱ्याला निरोप देणारी बायको. मग बाळाला पावडर लावणारी आई. पुढे मात्र बाई अंकातून गायब व्हायची, ती एकदम मागच्या पानावर बामाच्या जाहिरातीत कंबर धरून उगवायची. मधली वीस-पंचवीस वर्षं ती कुठं होती, हे कोणी विचारत नसे.

उत्तरांचं पान मधोमध असायचं. कचेरीत त्याला उत्तरपत्रिका म्हणत. वाचकांची पत्रं यायची ढिगानं, पण प्रश्न छापायचा नाही असा संपादकबाईंचा कायदा. "प्रश्न वाचून सभ्य घरात अंक बंद होईल," त्या म्हणत. म्हणून फक्त उत्तर. ना नाव, ना गाव, नुसतं वय. 'वय १९: लग्नानंतर हळूहळू कळेल, घाबरू नये.' 'वय ३१: दोन बाळंतपणांत अंतर हवंच, पतीला तसं सांगावं.' प्रश्न काय असेल, ते वाचणाऱ्या बायकांनी आपापल्या परीनं ओळखायचं. आणि बायका बरोबर ओळखायच्या. विहिरीत आवाज दिला नाही तरी त्यांना प्रतिध्वनी ऐकू यायचा.

उत्तरं द्यायला एक डॉक्टरीणबाई यायच्या, दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी. चपला दाराशी काढून खुर्चीत मांडी घालून बसत आणि प्रत्येक पत्राखाली शाईच्या पेनानं उत्तर लिहीत. त्या वय बघत नसत, तक्रार बघत. वय बघायचं काम संपादकबाईंचं. पंचेचाळीसच्या पुढचं पत्र दिसलं की लाल रेघ. "पंचेचाळिशीनंतर बाईला प्रश्न नसतात, दुखणी असतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. ती पत्रं आरोग्याच्या पानाकडे जायची, आणि तिथं सगळ्या प्रश्नांचं उत्तर गुडघ्यांना शेक देणं हेच असायचं. स्वतः संपादकबाई तेव्हा अठ्ठेचाळीसच्या होत्या. बिचाऱ्या, असं टाचणीला आज वाटतं. तेव्हा नुसता राग यायचा.

घरी दोन खोल्या. आतली नव्या जोडप्याला दिलेली. बाहेरच्या खोलीत सासू-सासरे, एक पलंग आणि सासूबाईंचं शिलाई मशीन. ते मशीन असं कुरकुरायचं की खालच्या मजल्यावरच्यांना कळायचं, आज सासूबाई शिवतायत. सासूबाईंना वाचनाचं वेड. टाचणी संध्याकाळी प्रुफं घरी आणायची तेव्हा त्या समोर बसून मूळ कागद मोठ्यानं वाचत आणि टाचणी छापलेलं तपासायची. हळूहळू त्याही खुणा शिकल्या. शब्द राहिला असेल तिथं काकपद, कावळ्याच्या पायासारखी खूण. दोन अक्षरं उलटसुलट पडली तर एकाच्या डोक्यावरून आणि दुसऱ्याच्या पायाखालून जाणारी वेटोळी रेघ. पान झालं की खाली 'तपासले' लिहून सही. ते 'तपासले' लिहायचा मान सासूबाई हट्टानं मागून घेत. सासूसुनांची भांडणं अंकात पुष्कळ छापून यायची. या दोघी त्यातले काने-मात्रे दुरुस्त करायच्या आणि हसायच्या.

पण एवढं असूनही काही गोष्टी त्या घरात बोलल्या जात नसत. उत्तरपत्रिकेचं पान आलं की सासूबाई म्हणत, "हे तुझं तू बघ," आणि उठून मशीनवर बसत.

आणि एका गुरुवारी लाल रेघ मारलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात टाचणीला तो कागद दिसला. कागद म्हणजे जुन्या प्रुफाची पाठकोरी बाजू. पालथा केला तर स्वेटरच्या विणीचं प्रूफ, आणि त्यावर निळ्या शाईत टाचणीच्याच दुरुस्त्या. असली पाठकोरी प्रुफं वाणसामानाची यादी करायला एकाच घरात ठेवलेली असत. सासूबाईंनी सगळी काळजी घेतली असणार, पण कागद वाया घालवायचा नाही ही सवय आडवी आली.

पत्र असं होतं: 'माझं वय बावन्न. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांना अजून माझ्याजवळ यावंसं वाटतं. मला त्रास होतो, आग होते. नाही म्हटलं की ह्यांचं तोंड एवढंसं होतं. आणि मलाही नको असतं असं नाही. या वयात असं वाटणं बरं आहे का? त्रासावर उपाय असला तर छापावा. नाव लिहीत नाही. घरात सून आहे.'

टाचणीनं कागद पदराखाली घेतला आणि जिन्यात जाऊन बसली. कान तापले होते. लाज वाटली, मग लाज वाटल्याची लाज वाटली. 'नको असतं असं नाही', हे वाक्य तिनं चारदा वाचलं. इतक्या पत्रांत इतकं खरं वाक्य तिच्या बघण्यात आलं नव्हतं.

खाली डॉक्टरीणबाईंचं उत्तर होतं, आणि त्यावरून लाल रेघ, बाजूला एकच शब्द: वय.

उत्तर घरी नेऊन हातात द्यावं? म्हणजे पत्र वाचल्याचं कबूल करावं लागणार, आणि सासूबाई पुन्हा वर मान करून बघणार नाहीत. टपालानं पाठवावं? पत्रावर पत्ता नव्हता. मग घरचा पत्ता कोणाला ठाऊक, हे सासूबाईंनी चुटकीसरशी ओळखलं असतं. एकच वाट होती. ज्या पानावर त्या डोळे लावून बसल्या होत्या त्याच पानावर ते उत्तर यायला हवं होतं.

शनिवारी कंपोझिटर वर आला. "टाचणीबाई, उत्तरांच्या पानात सहा ओळी कमी पडतायत. काहीतरी द्या, नाहीतर बामाची जाहिरात घालतो."

चौतीस वर्षांत टाचणीनं जाणूनबुजून केलेली ती एकमेव चूक. चिठ्ठीवर तिनं उत्तर उतरवून काढलं आणि बावन्नचे आकडे फिरवले. 'पाळी गेल्यावर' हे दोन शब्द गाळले, कारण पंचविशीच्या बाईपुढे ते शोभले नसते. संपादकबाईंनी शेवटचं पान नजरेखालून घातलं, वय पाहिलं, मान डोलावली. अंकात आलं ते असं:

'वय २५: असा कोरडेपणा व आग अनेकींना होते. तो दोष नाही, लाजही नाही. घाई करू नये, दोघांनी वेळ घ्यावा. साधं, वास नसलेलं तेल वापरावं. पतीशी मोकळेपणानं बोलावं. इच्छा असणं हे चांगल्या प्रकृतीचं लक्षण आहे. रक्त दिसल्यास मात्र विनाविलंब दाखवावं.'

अंक घरी आला. सासूबाईंनी तो दुपारी वाचला असावा, कारण संध्याकाळी टाचणी परतली तेव्हा त्या काहीशा गप्प होत्या. टाचणीला वाटलं, पोचलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "चला, पाय मोकळे करून येऊ." गेल्या दहा वर्षांत ते दोघे विनाकारण बाहेर पडले नव्हते. सासरे चप्पल शोधत राहिले. जाताना सासूबाई दारातून टाचणीला म्हणाल्या, "आम्ही साडेसातच्या आत येत नाही हो." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी आतल्या खोलीच्या फळीवर एक छोटी निळी बाटली दिसली. साधं तेल, वास नसलेलं. आणि पाचव्या दिवशी टाचणीचा नवरा डोकं खाजवत आत आला.

"आईला काय झालंय? मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणते, ती बाईमाणूस आहे, यंत्र नाही, सावकाश घेत जा. मी काय केलं?"

टाचणीच्या एकदम ध्यानात आलं. घरात पंचवीस वर्षांची बाई एकच होती. प्रश्न छापला नव्हता, नाव छापलं नव्हतं, होतं ते फक्त वय. सासूबाईंनी आपलंच उत्तर वाचलं आणि ते सुनेचं समजून सुनेला सुखी करायला निघाल्या. करायला गेली एक आणि झालं भलतंच. स्वतःचा त्रास मुकाट्यानं सोसत ती बाई रोज दीड तास रस्त्यानं फिरत होती, का, तर आतल्या खोलीतल्या मुलीला सवड मिळावी म्हणून.

तिनं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. तिला ते ठाऊक होतं. दोन दिवस शब्द जुळवले, सगळे पुन्हा खोडले. शेवटी निम्मं तेल दुसऱ्या बाटलीत ओतून ती बाहेरच्या खोलीत गेली. सासूबाई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या.

"आई, मला एवढं लागत नाही. अर्धं तुम्ही ठेवा."

मशीन थांबलं. सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग टाचणीकडे, बराच वेळ.

"मला काय करायचंय तेल?"

टाचणीनं बाटली तशीच पुढे धरली. सासूबाईंनी बाटली घेतली आणि फळीवर ठेवली. "असू दे. मशीनला होईल."

त्या आठवड्यापासून फिरायला जाण्याची तऱ्हा बदलली. "रोज आम्हीच का? मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही दोघं जा. आणि साडेसातच्या आत येऊ नका," सासूबाईंनी फर्मावलं. आवाज जरा करडा होता. टाचणीनं ओळखलं, राग आला. सुनेनं आगाऊपणा केला, भेट दिलेलं तेल परत केलं, म्हणून सासूबाई दुखावल्या. ती मंगळवार-शुक्रवार नवऱ्याबरोबर निमूट रस्ते मोजत राहिली.

नंतर सासरे अकरा वर्षं होते. सासूबाई एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत जगल्या. दोघींनी मिळून शेकडो पानं तपासली, पण त्या सहा ओळींबद्दल कोणी ब्र काढला नाही. शेवटच्या आजारपणात टाचणी रोज त्यांचे पाय चेपायची. एकदा तिनं सुरुवात केलीही, "आई, ते उत्तर..." सासूबाईंना झोप लागली होती. ते दोन गाळलेले शब्द टाचणीच्या काळजात रुतून बसले. दुसऱ्यांच्या चुका टोचणारी टाचणी स्वतःलाही टोचतच राहिली. एक बाई विचारायचं धाडस करते, डॉक्टर उत्तर देते, आणि ते उत्तर आपल्या हातून भलत्याच पत्त्यावर जातं.

"आई, चहा." सूनबाई कप घेऊन आली. "लिहाल ना? आणि त्या चौकोनांचं मी बघते. साठ, सत्तर, ऐंशी, वेगळे करून घेते. भांडावं लागेल, पण घेते."

टाचणीनं तिच्याकडे पाहिलं. पोर भांडखोर होती. संपादकबाईंसमोर आपण अशा उभ्या राहिलो असतो तर आकडे फिरवायची वेळच आली नसती.

"स्टूल आण," ती म्हणाली. "कपाटावर गठ्ठे आहेत. मघाशी खोटं बोलले."

सूनबाई स्टुलावर चढली. हवा तो गठ्ठा खाली आला. खाकी कागद टाचणीनं स्वतःच सोडला, आता मागं फिरायचं नव्हतं. चहा निवत होता. तिनं सगळं सांगितलं, पाठकोऱ्या कागदापासून शेवटच्या आजारपणापर्यंत. सूनबाई पाय पोटाशी घेऊन ऐकत राहिली. निळ्या बाटलीशी ती हसली, आणि 'घरात सून आहे'शी तिनं डोळे पुसले.

"म्हणजे त्यांना कधी कळलंच नाही?"

"नाही कळलं. हेच तर..." म्हणत टाचणीनं पान उघडलं.

पान पिवळं पडलं होतं. छपाई जशीच्या तशी होती. पण 'वय २५' वर पेन्सिलीची एक रेघ होती, दोनाच्या डोक्यावरून जाऊन पाचाच्या पायाखाली वळलेली. आकडे उलटे पडलेत, फिरवून घ्या. पहिल्या ओळीत 'असा' या शब्दाच्या आधी काकपद, आणि समासात नीट, बारीक अक्षरात राहिलेले शब्द: पाळी गेल्यावर. सगळ्यात खाली, सहा ओळी संपल्या तिथं, 'तपासले'. आणि सही.

टाचणी त्या सहीवर बोट ठेवून बसून राहिली. तेलाची बाटली हातात घेऊन त्यांनी इतका वेळ का पाहिलं होतं, ते तिला आता कळलं. मंगळवार आणि शुक्रवार कशासाठी होते, तेही कळलं. राग कसला, बाईनं आपल्या वाट्याची सवड मागून घेतली होती. आणि शेहेचाळीस वर्षं आपण उगाच जळत बसलो. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींना तिनं मोकळी वाट दिली.

सूनबाईनं पेन्सिलीच्या खुणा समजावून घेतल्या. पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग तिला एकदम आठवलं.

"पण आई, तेल तर त्यांनी मशीनला ठेवलं होतं ना?"

टाचणीनं पदरानं डोळे पुसले.

"ते मशीन? ते शेवटपर्यंत कुरकुरत होतं."